आजीचं घमेलं आणि चार औषधांची चिठ्ठी

आजचा भाग सुरू करण्याआधी एक सूचना. जेवता जेवता ऐकत असाल तर आत्ता थांबवा, हात धुवा आणि मग परत या. कारण आज आपण उलटीबद्दल बोलणार आहोत.

हो, उलटी. इतिहास म्हटलं की आपल्याला लढाया आठवतात, तह आठवतात, गड आठवतात. उलटीला कुणी इतिहासात घेत नाही. पण गेल्या ८० वर्षांत माणसाने कॅन्सरवर जी औषधं शोधली, ती घेता येतात की नाही हे कित्येकदा या एका गोष्टीवर ठरलंय. आणि माझ्या घरात ते दोनदा ठरलं. एकदा १९८८ साली, एकदा २०२२ साली. दोन्ही वेळा आजारी होती बायको, आणि शेजारी बसला होता नवरा.

आधी १९८८. माझे आजोबा कराडजवळच्या एका गावात प्राथमिक शिक्षक होते. आजीला अंडाशयाचा कॅन्सर निघाला. उपचारासाठी दोघं मुंबईला आली, दादरच्या गाडगे महाराज धर्मशाळेत राहिली. सहा केमो ठरल्या होत्या. आजोबांनी बाजारातून एक ॲल्युमिनियमचं घमेलं आणलं. पहिल्या केमोच्या रात्री आजीला किती वेळा उलटी झाली, ते आजोबांनी डायरीत रेघा मारून ठेवलंय. मास्तर माणूस, पटावर मुलं मोजतात तशा पाच-पाचच्या जुड्या. तीन जुड्या आणि वर दोन रेघा.

दुसऱ्या केमोनंतर आजी म्हणाली, "अहो, मरण परवडलं, पण हे नको. घरी चला." आजोबांनी आग्रह केला नाही. दोघं परत आली. पुढच्या वर्षी आजी गेली. आजोबा त्यानंतर १५ वर्षं होते, आणि बाबा सांगतात की ते अधूनमधून एकच वाक्य बोलायचे, "मी जरा जोर करायला हवा होता."

आता २०२२. माझ्या बायकोला ३३ व्या वर्षी स्तनाचा कॅन्सर झाला. (हे सगळं तिला विचारून सांगतोय. स्क्रिप्ट तिनेच तपासलीय आणि दोन ठिकाणी मला शिव्या घातल्यात.) तिचं केमो लाल रंगाचं होतं, सलाईनमधून जाणारं. उलट्यांच्या बाबतीत जहाल समजल्या जाणाऱ्या औषधांपैकी. मी टोप, टॉवेल, लिंबू, सगळं घेऊन रात्रभर जागा राहिलो. आणि पहिल्या रात्री काय झालं? काहीही नाही. ती झोपली. मीच बसलो टोप मांडीवर घेऊन.

तिच्या चिठ्ठीवर उलटीसाठी चार औषधं होती. ऑन्डान्सेट्रॉन, डेक्सामेथासोन, अ‍ॅप्रेपिटंट, ओलान्झापिन. आजीच्या फाइलमध्ये यातलं एकच नाव आहे, डेक्सामेथासोन. मग मधल्या ३४ वर्षांत नक्की झालं काय? आजचा भाग म्हणजे या चिठ्ठीची गोष्ट.

विषारी वायूपासून सुरुवात

केमोथेरपीची सुरुवात औषधाच्या दुकानात झाली नाही. ती झाली युद्धात. पहिल्या महायुद्धात, १९१७ च्या जुलैमध्ये, बेल्जियममधल्या ईप्र शहराजवळ जर्मन सैन्याने मस्टर्ड गॅस वापरला. या वायूने कातडी भाजते, डोळे जातात, हे सगळ्यांना दिसलं. पण मेलेल्या सैनिकांच्या शरीरात डॉक्टरांना आणखी एक गोष्ट सापडली. त्यांच्या रक्तातल्या पांढऱ्या पेशी जवळजवळ संपलेल्या होत्या.

दुसऱ्या महायुद्धात अमेरिकेतल्या येल विद्यापीठात लुई गुडमन आणि आल्फ्रेड गिलमन हे दोघं याच वायूच्या भावंडावर, नायट्रोजन मस्टर्डवर, काम करत होते. त्यांचा विचार सरळ होता. हा पदार्थ पांढऱ्या पेशी मारतो, तर पांढऱ्या पेशींचा कॅन्सरही मारेल का? १९४२ च्या ऑगस्टमध्ये त्यांनी तो एका रुग्णाला शिरेतून दिला. गाठी वितळल्यासारख्या लहान झाल्या. काही आठवड्यांनी त्या परत आल्या आणि रुग्ण वाचला नाही, पण औषधाने कॅन्सर हलतो हे कळलं. युद्धामुळे हे सगळं गुप्त होतं. जाहीर झालं १९४६ साली.

इथे एक गैरसमज दूर करू. तुम्ही कदाचित वाचलं असेल की केमोथेरपीचा शोध इटलीतल्या बारी बंदरावरच्या हल्ल्यातून लागला. २ डिसेंबर १९४३ ला जर्मन विमानांनी तिथे बॉम्ब टाकले, आणि जॉन हार्वी नावाच्या अमेरिकन जहाजात लपवलेला मस्टर्ड गॅस पाण्यात पसरला. शेकडो माणसं भाजली. ही घटना खरी आहे, आणि पांढऱ्या पेशींबद्दलची तिथली नोंदही महत्त्वाची आहे. पण येलचा पहिला रुग्ण त्याच्या वर्षभर आधीचा.

तर हे नायट्रोजन मस्टर्ड दिलं की काही तासांत उलट्या सुरू व्हायच्या. डॉक्टरांना ते दिसत होतं. पण त्या काळातला हिशोब असा होता की माणूस मरणारच आहे, औषधाने चार महिने मिळतायत, तर उलटी ही त्याची किंमत. फार तर संध्याकाळी केमो द्या आणि झोपेचं औषध देऊन झोपवा.

ओकारीची घंटा पोटात नसते

आपण म्हणतो, "पोट बिघडलं म्हणून उलटी झाली." पण केमो तर शिरेतून जातं. पोटात काहीच गेलेलं नाही. मग उलटी का?

याचं उत्तर न्यूयॉर्कमध्ये हर्बर्ट बोरिसन आणि एस. सी. वांग या दोघांनी १९५० च्या आसपास शोधलं. मेंदूच्या तळाशी एक छोटासा भाग आहे. मेंदूभोवती एक गाळणी असते, रक्तातली नको ती रसायनं ती आत येऊ देत नाही. या एका जागी मात्र ती गाळणी सैल आहे. मुद्दामच. वाड्याच्या दारावर बसलेला राखणदार समजा. रक्तात विष आलं की तो ओरडतो, "खाल्लेलं बाहेर काढा!" बिचाऱ्याला हे माहीत नसतं की हे विष डॉक्टरांनी फी घेऊन दिलंय.

म्हणजे उलटी हा शरीराचा बिघाड नाही. ती शरीराची शिस्त आहे, चुकीच्या वेळी पाळलेली. मला हे वाचून का बरं वाटलं सांगतो. आमच्या नातेवाइकांपैकी एक काका सारखे म्हणायचे, "मन घट्ट कर गं, सगळं मनावर असतं." नाही हो काका. सगळं मनावर नसतं. थोडं मेंदूच्या तळाशीही असतं.

प्लॅटिनम

आता येतो या गोष्टीतला सगळ्यात गुंतागुंतीचा गडी. १९६५ साली मिशिगनमध्ये बार्नेट रोझेनबर्ग नावाचा शास्त्रज्ञ जिवाणूंवर विजेचा काय परिणाम होतो ते बघत होता. त्याने प्लॅटिनमच्या पट्ट्या वापरल्या, कारण प्लॅटिनम कशातच विरघळत नाही असं त्याला वाटलं. झालं उलटंच. जिवाणू दुभंगायचे थांबले आणि शेवयांसारखे लांबच लांब वाढत गेले. वीज नव्हे, पट्ट्यांमधून सुटलेलं प्लॅटिनमचं एक संयुग हे करत होतं. पेशीचं दुभंगणं थांबवतंय म्हणजे कॅन्सरची पेशीही थांबवेल! त्यातून आलं सिसप्लॅटिन. १९७४ मध्ये अमेरिकेतल्या इंडियाना इथे लॉरेन्स आइनहॉर्न यांनी ते अंडकोषाच्या कॅन्सरच्या तरुण रुग्णांना द्यायला सुरुवात केली. शरीरभर पसरलेला कॅन्सर असलेली विशी-तिशीतली पोरं बरी होऊन कामावर जायला लागली. १९७८ च्या डिसेंबरमध्ये अमेरिकेत औषधाला मान्यता मिळाली.

पण सिसप्लॅटिनइतक्या उलट्या क्वचितच कुठलं औषध आणतं. सोबत काही दिलं नाही तर १०० पैकी ९० हून जास्त लोकांना होणारच. म्हणजे बघा कसा पेच पडला. पहिल्यांदाच असं औषध हातात आलं ज्याने काही माणसं खरंच बरी होत होती, आणि ते पूर्ण घेणं हीच शिक्षा झाली. आता "मरणारच आहे" हा हिशोब चालेना. माणूस जगू शकतो, फक्त त्याने चार-सहा वेळा परत यायला हवं. आणि तो येत नव्हता.

आजीच्या फाइलमध्ये औषधाचं नाव आहे, सिसप्लॅटिन.

रुग्णांना कुणी विचारलं?

१९७५ साली बॉस्टनच्या डॉक्टरांनी गांजातल्या एका घटकाची रीतसर चाचणी केली. का? कारण तरुण रुग्णच येऊन सांगत होते की केमोच्या आधी गांजा ओढला की उलट्या कमी होतात. चाचणीत खरंच फरक दिसला, आणि पुढे १९८५ मध्ये त्या घटकाची गोळी अमेरिकेत मान्य झाली. (यावरून कमेंटमध्ये काय येणार ते मला माहितीय. आपल्याकडे गांजा बेकायदा आहे, आणि आज त्याहून चांगली औषधं आहेत. पुढे चला.)

१९८१ मध्ये न्यूयॉर्कच्या रिचर्ड ग्रॅला यांनी मेटोक्लोप्रमाइड हे आपल्या नेहमीच्या उलटीच्या गोळीतलं औषध नेहमीपेक्षा कितीतरी जास्त प्रमाणात, शिरेतून दिलं. सिसप्लॅटिन घेणाऱ्यांना खोटं औषध दिल्यावर साधारण १० वेळा उलटी होत होती, ती एकदोनवर आली. केवढी मोठी गोष्ट! पण काहींची, त्यातही तरुणांची, मान वाकडी व्हायची, जबडा आवळायचा. भीतीदायक प्रकार. पण याच औषधात पुढच्या शोधाची किल्ली होती. ती आठवण ठेवा, दोन मिनिटांत लागेल.

त्याआधी १९८३. सिडनीमधल्या काही डॉक्टरांनी एक साधं काम केलं. केमो घेणाऱ्या ९९ रुग्णांसमोर त्रासांची यादी ठेवली आणि विचारलं, सगळ्यात वाईट काय? डॉक्टरांना वाटावं की वेदना, किंवा मरणाची भीती. पहिल्या नंबरवर आली उलटी. दुसऱ्यावर मळमळ. तिसऱ्यावर केस जाणं.

हे वाचताना मला आजीचं वाक्य आठवलं. "मरण परवडलं, पण हे नको." आमच्या घरात ते वाक्य आजीचा हट्टीपणा म्हणून सांगितलं जायचं. इथे साता समुद्रापलीकडची माणसं तेच सांगत होती.

उंदीर ओकत नाही

आता किल्ली. मेटोक्लोप्रमाइड जास्त दिल्यावर चालतं, कमी दिल्यावर नाही. का? शास्त्रज्ञांना शंका आली की जास्त प्रमाणात ते एक दुसरंच कुलूप बंद करतंय. पण शोधायचं कशावर? प्रयोगशाळेत सगळे प्रयोग उंदरांवर, आणि गंमत म्हणजे उंदीर ओकूच शकत नाही. त्याच्या शरीरात ती सोयच नाही. मग आला फेरेट. मुंगसासारखा दिसणारा लांबुडका प्राणी, आणि तो माणसासारखा ओकतो. १९८६ मध्ये इंग्लंडमध्ये दोन वेगवेगळ्या गटांनी फेरेटांवर दाखवून दिलं की सेरोटोनिनचं एक विशिष्ट कुलूप बंद केलं तर सिसप्लॅटिनने होणारी उलटी थांबते.

सेरोटोनिन तुम्ही इन्स्टाग्रामवर ऐकलं असेल, आनंदाचं रसायन वगैरे. पण शरीरातलं बहुतेक सेरोटोनिन डोक्यात नसतं, आतड्यात असतं. केमोने आतड्याच्या आतल्या पेशी दुखावल्या की त्या सेरोटोनिन सोडतात, तिथली नस मेंदूला खबर देते, आणि राखणदार ओरडतो. म्हणजे त्याच्याकडे दोन वाटांनी खबर येत होती, रक्तातून आणि आतड्यातून. आतड्याची तार कापणारं औषध म्हणजे ऑन्डान्सेट्रॉन. १९९० मध्ये ब्रिटनमध्ये आणि १९९१ च्या जानेवारीत अमेरिकेत ते बाजारात आलं. मान वाकडी नाही, जबडा आवळणं नाही. फार तर डोकेदुखी आणि बद्धकोष्ठता.

१९९१. आजी १९८९ ला गेली.

नाही, मी असं म्हणत नाही की गोळी दोन वर्षं आधी आली असती तर आजी वाचली असती. तिचा आजार पुढे गेलेला होता. पण उरलेल्या चार केमो ती कदाचित घेऊ शकली असती. निर्णय तिला मोकळेपणाने घेता आला असता, घमेल्याकडे बघून नाही.

तिसरा दिवस, आणि माझी चूक

आता माझी पहिली शिवी येते, तयार राहा.

पहिल्या केमोनंतर पहिला दिवस छान गेला. दुसऱ्या दिवशी सकाळी ती पोहे खाऊन मोबाइल बघत बसली. मी चिठ्ठी बघितली, त्यात दुसऱ्या-तिसऱ्या दिवसाची औषधं होती. म्हटलं, "बरं वाटतंय ना तुला? मग कशाला उगाच गोळ्या? आधीच एवढं औषध पोटात गेलंय." आणि आम्ही ती कॅप्सूल टाळली. तिसऱ्या रात्री अडीच वाजता टोप लागला, आणि सकाळपर्यंत लागत राहिला. पाणीसुद्धा ठरेना. पहाटे कोरड्या ओकाऱ्या. ती भिंतीला टेकून बसली होती आणि मी "सॉरी, सॉरी" म्हणत पाठ चोळत होतो. ती म्हणाली, "पाठ नको चोळूस. नुसता बस."

जे मला तेव्हा माहीत नव्हतं ते डॉक्टरांना १९८५ पासून नीट माहीत आहे. केमोची उलटी दोन हप्त्यांत येते. पहिली २४ तासांच्या आत. दुसरी त्यानंतर, आणि तिचा जोर दुसऱ्या-तिसऱ्या दिवशी. पहिलीमागे सेरोटोनिनचा हात मोठा. दुसरीमागे एक वेगळंच रसायन, त्याचं नाव सबस्टन्स पी. गंमत अशी की हे रसायन १९३१ मध्येच लंडनमध्ये उल्फ फॉन ऑयलर आणि जॉन गॅडम यांना सापडलं होतं. पण त्याचं कुलूप बंद करणारं पहिलं औषध, अ‍ॅप्रेपिटंट, बाजारात यायला २००३ उजाडलं. ७२ वर्षं. आणि नेमकी तीच कॅप्सूल मी डब्यात ठेवून दिली होती!

म्हणून घरातल्या माणसाला एकच सांगणं. उलटीचं औषध उलटी झाल्यावर घ्यायचं नसतं, होऊ नये म्हणून घ्यायचं असतं. चिठ्ठीवर चौथा दिवस लिहिला असेल तर चौथ्या दिवसापर्यंत. काही कमी करायचं असेल तर डॉक्टरांना फोन करून.

चौथं औषध, ओलान्झापिन, हे मुळात मानसिक आजारांचं. चिठ्ठीवर ते बघून माझ्या सासूबाई घाबरल्या होत्या, "तिला वेड लागलंय का?" नाही. ते एकाच वेळी अनेक कुलपं बंद करतं, म्हणून मळमळीवर चालतं. २०१६ मध्ये अमेरिकेतल्या एका मोठ्या चाचणीने ते सिद्ध झालं. त्रास एकच, माणूस दिवसभर पेंगतो. आणि इथे आपल्या परळचं नाव येतं. टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी १० मिलिग्रॅमऐवजी फक्त २.५ मिलिग्रॅम देऊन बघितलं, आणि २०२४ मध्ये जाहीर केलं की उलटीवर असर तेवढाच, पेंग मात्र कमी.

खिचडी आणि सिग्नल

दुसरी शिवी. दुसऱ्या केमोच्या दिवशी मला वाटलं, तिला आवडीचं खाऊ घालू. साबुदाण्याची खिचडी केली, शेंगदाण्याचं कूट घालून, तुपात. तिने कौतुकाने खाल्ली. रात्री मळमळलं. त्या दिवसापासून आजतागायत तिने साबुदाण्याला हात लावलेला नाही. चतुर्थीला मी एकटा खातो, तेही गॅलरीत.

१९७८ मध्ये सिएटलमध्ये इलीन बर्नस्टीन यांनी केमो घेणाऱ्या मुलांना केमोच्या आधी एका वेगळ्याच चवीचं आइस्क्रीम दिलं. नंतर तीच मुलं ते आइस्क्रीम नको म्हणायला लागली. शरीर शेवटी खाल्लेल्या गोष्टीवर आळ घेतं, खरा चोर कोण हे त्याला कळत नाही. पुढे त्यांनी यातून एक युक्ती काढली. केमोच्या आधी एक अनोळखी चवीची गोळी चघळायला द्या, म्हणजे आळ तिच्यावर जातो आणि रोजचं जेवण वाचतं. तेव्हा केमोच्या दिवशी आवडीचा पदार्थ करू नका. मऊ भात, मेतकूट, पेज, लाह्या, ताक, असं बिनओळखीचं बिनभांडणाचं खाणं. थोडं थोडं, गार किंवा कोमट, कारण गरम अन्नाचा वास जास्त येतो. आणि फोडणी घालायची असेल तर दार लावून, किंवा ती शेजारी गेलेली असताना.

चौथ्या केमोपर्यंत अजून एक प्रकार सुरू झाला. रिक्षा हॉस्पिटलच्या आधीच्या सिग्नलला थांबली की तिला मळमळायचं. सुई टोचायला अजून तास होता! मला वाटलं भीती. पण हेही जुनंच आहे. पाव्हलोव्हच्या कुत्र्याला घंटेने लाळ सुटायची, तसं मेंदू जागेशी, वासाशी, रंगाशी उलटी जोडून ठेवतो. १९८२ मध्ये अमेरिकेतल्या रॉचेस्टरच्या गॅरी मॉरो यांनी दाखवलं की शरीर सैल सोडायला शिकवून, मग त्या जागेची हळूहळू कल्पना करायला लावून हे कमी करता येतं. आणि आधीच्या केमोत जितक्या कमी उलट्या, तितकी ही गाठ सैल. म्हणजे माझ्या त्या टाळलेल्या कॅप्सूलचं व्याज आम्ही सिग्नलवर भरत होतो. शेवटी आम्ही रस्ताच बदलला. लांबचा पडायचा, पण पडू दे.

मोजता येतं ते आणि येत नाही ते

सिडनीच्या यादीची गोष्ट अजून संपलेली नाही. १९९३ मध्ये, ऑन्डान्सेट्रॉन आल्यानंतर, तिथेच पुन्हा रुग्णांना तोच प्रश्न विचारला गेला. उलटी पहिल्यावरून घसरून पाचव्या नंबरवर गेली होती. पहिल्या नंबरवर कोण? मळमळ.

उलटी दिसते, ऐकू येते, डायरीत रेघ मारता येते. मळमळ फक्त जिला होतेय तिलाच कळते. आम्ही नवरे लोक रेघा मोजतो आणि म्हणतो, "आज एकदाही नाही झाली, मस्त!" आणि ती दिवसभर आतून ढवळत पडलेली असते. म्हणून मी नंतर मोजणं सोडून विचारायला लागलो. "शून्य ते दहा, किती?" ती सात म्हणाली की डॉक्टरांना सात सांगायचं. "ठीक आहे" असं सांगायचं नाही.

आणि काही गोष्टी विचारायच्याही नसतात, थेट फोन लावायचा. दिवसभर पाण्याचा घोटही टिकत नसेल, लघवी अगदी कमी किंवा गडद होत असेल, उभं राहिल्यावर चक्कर येत असेल, उलटीत रक्त दिसलं, किंवा ताप १००.४ च्या पुढे गेला, तर रात्र असो की दिवाळी असो. आणि केमोनंतरचे दोन दिवस तिची उलटी साफ करताना हातमोजे घाला, कारण औषधाचा अंश त्यात असतो. हे मला कुणी सांगितलं नव्हतं.

दोन नवरे

सबस्टन्स पी सापडलं ते वर्ष मी मघाशी सांगितलं, १९३१. त्याच वर्षी वेल्समधल्या एका नर्सिंग होममध्ये मेहरबाई टाटा रक्ताच्या कॅन्सरने गेल्या. टेनिस खेळणाऱ्या, बालविवाहबंदीसाठी उभ्या राहिलेल्या बाई. त्यांचे पती दोराबजी टाटा. पोलादाचा कारखाना उभा करणारा माणूस, पैशाला कमी नाही, आणि बायकोच्या आजारावर जगात कुठेच औषध नाही. पुढच्या वर्षी, १९३२ मध्ये, त्यांनी तिच्या नावाने रक्ताच्या कॅन्सरवरच्या संशोधनासाठी ट्रस्ट काढला, आणि जूनमध्ये तेही गेले. त्यांच्या मागे त्यांच्या ट्रस्टने २८ फेब्रुवारी १९४१ ला परळमध्ये टाटा मेमोरियल हॉस्पिटल उघडलं. ती अडीच मिलिग्रॅमची चाचणी झाली ती तिथेच.

माझ्या आजोबांकडे ट्रस्ट काढायला काही नव्हतं. त्यांच्याकडे घमेलं होतं, डायरी होती, आणि "घरी चला" म्हणणारी बायको होती. "मी जरा जोर करायला हवा होता" हे वाक्य ते १५ वर्षं घेऊन फिरले. या भागाची तयारी करताना मी बाबांना सगळ्या तारखा वाचून दाखवल्या. १९८१, १९८६, १९९१, २००३, २०१६. बाबा बराच वेळ काही बोलले नाहीत. मग म्हणाले, "म्हणजे अण्णांची चूक नव्हती तर. औषधच नव्हतं." मी म्हटलं, "नव्हतं." ते उठले आणि ती डायरी कपाटातून काढून मला दिली. जुड्या असलेलं पान त्यांनी दुमडून ठेवलं होतं.

बायकोचे उपचार संपून आता दीड वर्ष झालंय. तपासण्या सुरू आहेत, तब्येत बरी आहे. साबुदाणा अजून बंद आहे.

तुमच्या ओळखीत कुणाच्या घरी केमो चालू असेल, तर हा भाग पेशंटला नको, तिच्या शेजारी बसणाऱ्याला पाठवा. आणि त्याला विचारा, चिठ्ठीवर तिसऱ्या दिवसाचं औषध लिहिलंय ना, ते दिलंस का? भेटूया पुढच्या भागात. तोपर्यंत काळजी घ्या.